वारं पडलं तेव्हा

पैठणच्या पंपावर डिझेल नव्हतं,
म्हणून तुळजारामनं होडीला शीड लावलं,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.
वारं होतं तोवर साहेब गालभर हसत होते,
नाथसागराच्या मधोमध वारं पडलं
अन् चेहरा सुरकुतून पार हनुवटीत गेला.

"उतरा, काटेवाले. बेट हाय."

बेट म्हणजे काय, दोन बैलगाड्या वळतील एवढी टेकडी.
तीन बाभळी. पायाखाली शिंपल्यांची चरचर.
मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस,
पलीकडच्या मासळीवाल्यांचा काटा पिशवीत.
चप्पल काढू की नको, तेच कळेना.

बाभळीपल्याड गाळात एक वेल पसरलेला,
त्याला एकच टरबूज.
"हे कुणी लावलं?"
"कुणी न्हाई. मागल्या साली इथंच बसून खाल्लं,
बिया थुकल्या."

सवयीनं मी काटा काढला, फांदीला टांगला.
दोन किलो, वर शंभर ग्रॅम.
"कुणाला इकायचंय?" तुळजाराम म्हणाला.
खरंच. ऐकायला फक्त एक बगळा,
तोही पाठमोरा.

गुडघ्यावर आपटून फोडलं.
कोमट होतं, जरा पांचट,
पण दोघांनी पांढऱ्यापर्यंत खरवडलं.
किती वेळ गेला, मोजला नाही.

मग फ्लेक्स फडफडला,
साहेबांचा एक डोळा उघडला.
तुळजाराम पळत सुटला होडीकडं.
मी मात्र तोंडातली शेवटची बी
जिभेवर फिरवत उभा,
कुठं थुंकावी, ते ठरवत.