तिसरी जोडी

म्हापशाच्या दुकानात हेडफोनच्या तीन जोड्या.
लावून बघितलं माझंच अर्धवट मिक्स.
पहिलीत घुमट फुगलं,
चतुर्थीला पाहुण्यांपुढे शाणू फुगतो तसं.
दुसरीने सगळ्यालाच साखर लावली,
माझ्या बेसूर ओळीलासुद्धा.

तिसरी रुक्ष. कान दाबणारी. महाग.
तिच्यात कळलं,
शाणूची थाप दुसऱ्या कडव्यात धावते,
मी 'सा'च्या जरा खालीच उभा आहे,
आणि खूप तळाशी
वरच्या मजल्याच्या फळ्यांवर
एक टाच.

इस्मेनियाबाई!
रोज जिन्यात अडवून म्हणतात,
कान किटले हो तुमच्या त्या मडक्याने.

अर्धी मात्रा उशिरा,
पण एकही सम सोडत नाही.

हप्त्यांवर घेतली तिसरी.
हळदोण्याला येऊन शाणूला पुन्हा बसवलं, स्वतःलाही.
टाच तेवढी
कापली नाही.