ठाणे ते ठाणे

रौप्यमहोत्सवाच्या वर्षी कोर्टनाक्यावर
माझ्या मशीनचा अर्धा स झिजून गेला.
रोज पंधरा-वीस अर्ज.
कागदावर उमटायचं ‘वातंत्र्यसैनिक’,
मग मी शाईनं आधी स् काढून द्यायचो.
त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत कधी.

हसुराम वैती आला तो ऐन जेवणाच्या सुट्टीत.
कोलशेतचा. नव्या चपला चावतात
म्हणून हातात धरलेल्या.
आरमारात होतो म्हणाला, शेचाळीस साली. बंडात.
मी कागद चढवला, मध्ये दोन कार्बन.

बंडाचं कारण?
“डालीन खरे व्हते.”
टाइप केलं: डाळीत खरे होते.
वाचून दाखवलं तर हसला,
“खरे नाय हो, खरे,”
आणि खाली वाकून एक उचलला,
माझ्या मशीनपाशी ठेवला.

खडे.

मी त्या शब्दावर फुल्या मारल्या,
तिन्ही प्रतींवर एकदम.

म्हणजे नेमकं काय केलंत?
ताट पालथं घातलं.
मग शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं.
पंजाबी, मद्रासी, दाभोळकडचा एक मुसलमान पोरगा,
दोघे कराचीचे. पुढच्या वर्षी
ते दोघे परदेशी झाले.

शिक्षा?
मुलुंडच्या छावणीत एकेचाळीस दिवस.
मग कपडे जमा करायला पुन्हा कोलशेतच्या तळावर.
तिथं गोऱ्यानं कागद दिला, सेवेची गरज नाही,
आणि गावापर्यंतचा रेल्वेचा फुकट पास.
कुठलं गाव?
यानं खिडकीतून हात केला:
ते काय, तारेपलीकडं,
जाळं वाळतंय ना, त्याच्या मागचं घर.
गोरा बघत राहिला. नियमात बसेना.
शेवटी लिहिलं: ठाणे ते ठाणे.

कुठाय तो पास?
“थोरल्यानं होडी केली.”

आणि सत्तेचाळीसनंतर? बोलावलं नाही परत?
“झेंडा बदलला. शेरा तोच ऱ्हायला.”

रकाना नऊ, तुरुंगवास, किमान सहा महिने.
मी ‘एकेचाळीस’ लिहिलं
आणि ‘दिवस’ जरा लांब सरकवून,
जसा काही साहेब तेवढ्यात चष्मा पुसणार होता.

रकाना दहा, पुरावा.
इथं माझी बोटं थांबली.
त्यानं तोंड उघडलं.
डावीकडची दाढ, अर्धी.
तुटलेली कड इतक्या वर्षांत गुळगुळीत झालेली,
जिभेनंच घासली असणार.
मी टाइप केलं:
अर्जदाराने तोंड उघडून दाखवले.

दोन रुपये देऊन गेला. खडा राहिला.
वाऱ्याला कागद दाबायला बरा पडतो.

उत्तर आलं माझ्याच टेबलाच्या पत्त्यावर,
गणपती होऊन गेल्यावर कधीतरी.
पुरावा अर्जासोबत जोडलेला नाही.
न्यायला तो आला नाही, मीही कोलशेतला गेलो नाही,
जाईन जाईन म्हणत.

कागद अजून त्याच खड्याखाली आहे.
वर डाव्या कोपऱ्यात राजमुद्रा,
दिसतात ते तीन सिंह,
तिघांचीही तोंडं उघडी.