खारीचा वाटा

आमच्या बापाला रानात पडलेलं झाड खपत नसे.
वादळात एखादा स्प्रूस आडवा झाला
की दुसऱ्या दिवशी, धारा काढायच्याही आधी,
तो करवत घेऊन निघे.
लोक काय म्हणतील,
हे रान आहे की आळशाचं अंगण?

मरेपर्यंत त्याने रान झाडून ठेवलं.
रान म्हणजे आमची बँक होती.
औलिसचं शिक्षण उत्तरेच्या उतारावरून आलं,
ट्रॅक्टर दलदलीकडच्या पट्ट्यातून,
आईचा पियानो ओढ्याकाठच्या बर्चमधून.
तो तिने फक्त नाताळात वाजवला.

आता अकरा हेक्टर, दोघांच्या नावावर.
औलिस ताम्पेरेहून म्हणतो, विकू या, भाव आहे.
मोठं यंत्र येतं, दोन दिवसांत मोकळं होतं,
तू खिडकीचा पडदा ओढून घे.
सौनाचं छप्पर गळतंय
हे त्याला फोनवर बरोबर आठवतं.

मार्चमध्ये वनखात्याची मुलगी आली,
मार्युक्का ह्युत्तिनेन, पायात बर्फावरचे जाळीदार बूट.
दगडाजवळच्या जुन्या ॲस्पेनशी एकदम गुडघ्यांवर गेली.
मला वाटलं, पडली.
हातमोजा काढून तिने बर्फावरून उचलल्या
पिवळ्या लेंड्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या.
"उडती खार," ती म्हणाली,
पाळण्यात डोकावून बोलावं तशा आवाजात.

साठ वर्षं मी या झाडाखालून सरपण ओढलं.
वर कोणी बिनभाड्याचं राहतंय
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कॉफी, मग कागद.
दहा वर्षं इथे काही करायचं नाही, त्याचे पैसे.
काही म्हणजे?
तोडायचं नाही. पडलं तर उचलायचं नाही.
आणि मेलेलं?
मेलेलं तर मुळीच नाही, ते मी मोजून आले.
तीनच निघाली.
फार स्वच्छ आहे हो तुमचं रान,
ती खेदाने म्हणाली.
बाप असता तर हे कौतुक समजून
त्याने तिला आणखी कॉफी ओतली असती.

औलिस हसला.
हात न लावण्याचे पैसे?
मग माझी चाळीस वर्षांची थकबाकी आहे सरकारकडे!
मग गप्प झाला. फोनमध्ये ट्रामची घंटा.
कुठला ॲस्पेन? दगडाजवळचा?
बाबा तो तोडणार होते.
हो.
दरवर्षी तोडणार होते.
हो.
का नाही तोडला?
दोघांनाही माहीत नव्हतं.
एवढा वेळ आम्ही न बोलता
फोनवर कधी थांबलो नव्हतो.

शेवटी सात हेक्टर त्याच्या मनासारखे विरळ करायचे ठरले,
चार तसेच.
यंत्रवाल्याने त्या चारांचे देऊ केले होते
त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळाले.
दहा वर्षांनी मी एक्क्याऐंशीची असेन,
किंवा नसेन; तो रकाना अर्जात नव्हता.

पैशातून सौनाचं छप्पर झालं.
फळ्या दुकानातून आणल्या, गुळगुळीत, सारख्या मापाच्या.
फळीवर कारखान्याचा शिक्का होता,
कुणाच्या रानातली, ते नव्हतं.
पावतीवर सही करताना मी
त्या रानात कोण राहत होतं हे विचारलं नाही.

ऑक्टोबरात वारा सुटला.
सकाळी एक स्प्रूस पायवाटेवर आडवा,
मुळं वर, मातीतून अजून वाफ निघत होती.
मी शेडपर्यंत गेले. करवत खाली घेतलीसुद्धा.
तिला तेल लावलं, पुन्हा खुंटीला टांगली,
आणि सरपणाची घसरगाडी ओढत
शेंड्याच्या बाजूने वळसा घालून गेले.

वाट आता तिथे वाकते.