पिसाला भंडारा

रात्री साडेनऊला दोरी तुटली.
सकाळी सहाला दावणगेरेची बस.

लावण्या बोलली नाही. धनुष्य माझ्या मांडीवर ठेवलं,
ताप आलेलं पोर ठेवावं तसं.
काळं, जड, दोन्ही टोकांना चाकं,
पुण्यात कुणीतरी वापरलेलं, अजून चार हप्ते बाकी.
'ही बघ, आई. तीराखालचा हात हिच्यानं उठतो.'
एवढीशी दोरी. कांडीवरून निसटलेल्या तारेएवढी.

वडगावात लग्न होऊन आले तेव्हापासून
बावीस वर्षं मी कांड्या भरल्या.
तुटलेली तार अंधारातसुद्धा पेरांना सापडायची.
माग गेल्या दिवाळीत किलोवर गेले.
शेडमधे आता तेलाचा वास,
आणि भिंतीला पिंजराचा गठ्ठा, हिच्या सरावाचा.
ताणाबाणा, ताणाबाणा म्हणत जन्म गेला,
त्यातला बाण आज पहिल्यांदा हातात घेतला.

फोनवर रेवणसिद्ध मास्तर, सौंदत्तीहून.
त्यांचं कन्नड, माझं मराठी, मधे लावण्या.
गाठीपाशी आल्यावर तिची गरज उरली नाही.
'निधान, अक्का, निधान.'
केबलचे पदर उघडायचे नाहीत, त्याला प्रेस लागतो.
ओढल्यावर खाली येते ती केबल धरा.
तिच्या अंगाला दोरी लावा, वरून मेणाचा दोरा,
वेढ्याला वेढा चिकटून,
मधे उजेड दिसता कामा नये.

उजेड दिसता कामा नये, हे मला सांगतात!

वर चौदा वेढे, खाली चौदा.
टोक लायटरवर धरलं,
वितळून मोहरीएवढा मणी झाला.
'ओढ.'
चाकं फिरली, केबल उतरली, दोरी ताठ झाली,
आणि पडून राहिलेला तो दोन बोटांचा हात
तीर घेऊन उभा राहिला.
'बघूलैस न्हवं?' तिनं दातांतून विचारलं.

ओढून होईस्तोवर धरायचं,
सुटला की खाली पडायचं, पिसं पोचायच्या आत.
एवढंच त्याचं काम.
उशीर झाला तर पीस घासतं, तीर भरकटतो.
डोळ्यांना दिसत नाही ते,
हाताला पावडर लावून बघायचं.

पावडर संपलेली.
देव्हाऱ्यातून यल्लम्माचा भंडारा आणला, चिमूटभर.
चालेल का, असं विचारलं मी, कुणाला ते ठाऊक नाही.

तीन पावलांवरून तिनं सोडला.
पिंजरात बोटभर धूळ उठली.
टॉर्च धरला. काडी पिवळी होणारच होती.
खालचं पीसही पिवळं.

'बिगी आयतु,' मास्तर म्हणाले. ताणून बांधलंत, अक्का.
हात लवकर उठतो, म्हणून उशिरा पडतो.
सवय. ढिलं सोडलेलं मागावर कुणी खपवून घेत नाही.
अठ्ठावीस वेढे उलट उलगडले,
अर्धं बोट वर सरकले,
आणि पुन्हा मोजत बसले.
मधे वीज गेली. मोजणी चुकली नाही.

आता ओढ संपता संपताच उठत होता तो, अगदी शेवटी,
नको नको म्हणत उठल्यासारखा.
तीर सुटला.
पीस पांढरं.
आणखी दोनदा. पांढरं, पांढरं.
'रिकामं सोडू नकोस कधी,' मी म्हटलं.
'ते मला म्हाईत आहे गं,' ती म्हणाली, आणि झोपायला गेली.

सकाळी सीबीटीवर धुकं होतं.
ती वर चढून बसली, धनुष्याची पेटी खिडकीतून घेऊ लागली.
गाडी हलली तरी पट्टा माझ्या मुठीत.
कंडक्टर ओरडला, 'बिडी, अम्मा, बिडी!'

मी निपाणीची. आई सुपात पानं घेऊन दिवसाला हजार वळायची,
मला क्षणभर तंबाखूचाच वास आला.
मग आठवलं, कन्नडात बिडी म्हणजे सोडा.

सोडला.
घरी येऊन चूल पेटवताना बघितलं,
अंगठा अजून पिवळा होता.