बावन्न

प्रश्न तिसरा, गुण दहा:
नीट पिसलेल्या जोडातून एक पत्ता काढला,
तो बदामाचा किंवा राणीचा असण्याची संभाव्यता किती?

बावीस वर्षं हाच प्रश्न घालत आलो मी
इथे, ब्रँडनच्या कॉलेजात, जिथे नोव्हेंबरपासून
गाडीच्या इंजिनालाही रात्रभर वीज पाजावी लागते.
सोपा आहे म्हणून घालत आलो.
आकड्यांना घरदार नसतं, असं म्हणतही आलो.

राहेल क्लाइनसासरने पान कोरं सोडलं.
चुकीचं नव्हे, कोरं.
पेन्सिलीने काहीतरी लिहून इतकं खोडलेलं
की कागद भुरभुरला होता.
मी लाल शून्य काढलं, गोल, सुबक,
आणि शेजारी (अजून कानशिलं तापतात)
"अभ्यास करावा."

गुरुवारी ती आली.
डोक्याला ठिपक्यांचा काळा रुमाल,
मनगटावर टर्कीच्या नखांचे ओरखडे.
दारातूनच म्हणाली,
"सर, त्यात राण्या किती असतात?"
"कशात?"
"त्या जोडात. आमच्या वसाहतीत पत्ते नसतात.
जोड म्हणजे दोन, असं धरून सोडवत होते.
जमेना, म्हणून खोडलं."

मी खणातून पत्ते काढले, टेबलावर मांडत गेलो.
तिने हात लावला नाही. नजरेनेच मोजत होती.
तेरा बदाम, चार राण्या. "सतरा."
"एक दोनदा मोजलीस."
बराच वेळ ती बघत राहिली. मग बोट न टेकवता:
"ही. हिला दोन घरं आहेत."
सोळा भागिले बावन्न.
मी तिला आठ गुण दिले. दहा नाही.
तीही दहा मागायला आली नव्हती.

त्या रात्री आठवलं:
आमचा हिवाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल,
वडील पिसायचे, आई ओल्या बोटाने वाटायची,
मुळाक्षरांआधी मी गुलाम ओळखला.
आणि मला वाटायचं,
संभाव्यता मी पुस्तकातून शिकलो.
बावीस वर्षं सगळ्यांना विचारलेला प्रश्न
मी एकाच पत्त्यावर टाकत होतो,
माझ्या घराच्या.

मग जुने गठ्ठे सोडले. नको होतं सोडायला.
पाचव्या प्रश्नात कर्लिंगचे दगड होते.
येमानेने भर परीक्षेत विचारलं होतं,
"कर्लिंग म्हणजे केसांचं का?"
वर्ग हसला होता.
वर्ग म्हणजे मीही.
तो पुढच्या सत्रात दिसला नाही.
कारण दुसरंही असेल. असेलच.
पण मी विचारलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये ओरेस्ट म्हणाला,
"एका मुलीसाठी पेपर सोपा करणार?"
मी नवा प्रश्न त्याच्यापुढे सरकवला:
बावन्न अंडी, तेरा तपकिरी,
चारांत दोन-दोन बलक, त्यातलं एक तपकिरी.
"सोडव," म्हटलं.
त्याचंही सतरा आलं.

वर्गात मात्र राहेलने हात वर केला.
पहिल्यांदाच.
"सर, अंडं दिव्यासमोर धरलं
की आतले दोन बलक दिसतात.
काढणाऱ्याला आधीच कळलं, तर संभाव्यता कसली?"
मागून जोसलिन, रात्रपाळीची, डोळे चोळत:
"आणि तपकिरी तर न धरताही दिसतात."
हशा. या वेळी कुणावर नव्हता;
किंवा असेल तर माझ्यावर.
खडू घेऊन मी फळ्यावर लिहिलं:
"डोळे मिटून, अंधारात, एक अंडं उचललं."
राहेल म्हणाली, "हं. आता ठीक."

आता प्रश्न छापण्याआधी वर्गात वाचून दाखवतो.
विचारतो, यातला कुठला शब्द
तुमच्या घरी राहत नाही?
आधी कुणीच बोलत नाही.
हीटर तेवढा खडखडतो.
मी थांबतो. थांबायला शिकतोय या वयात.
खिडकीपाशी एक हात
अर्धा वर येतो, कानामागे केस सारल्यासारखं करतो,
खाली जातो.

मी अजून थांबलोय.