वकट, लेंड, मूंड

करीला नवं काही सुरू करू नये म्हणतात,
म्हणून आम्ही जुनंच काढलं:
भरमाच्या माळ्यावरचा बाभळीचा दांडू,
एका टोकाला उंदरानं कुरतडलेला.
विटी मात्र सकाळीच तासलेली, ओली.
तेवढं एक चुकलं.

येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झालेलं,
सड चपलेतूनही टोचणारे,
राजहंसगडावर ऊन नुकतं चढलेलं.
दस्तगीरच्या टेंपोतून उतरली दोन पातेली, एक दोर,
आम्ही तिघी, पोटं सुटलेले चार गडी,
सगळे सातवीच्या एकाच वर्गातले,
आणि इनासच्या मांडीवरून
खानापूरहून आलेला सान्नांचा डबा,
जो त्यानं वाटेत कुणालाच धरू दिला नाही.

रस्सीखेच आधी झाली.
दोर मधोमध तुटला, दोन्हीकडची माणसं उताणी.
कोण जिंकलं ते अजून ठरायचंय.
लंगडीत शेवंता बाद झाली ती हसून हसून,
खाली बसली ती उठेचना.

मग विटी.

लहानपणी मी बांधावर बसून मोजायची.
भावांना टोले हवे असत, हिशेब मला.
वकट पायावर, मूंड मुठीवर,
आर आली की विटी डोळ्यावर ठेवायची.
या शब्दांना अर्थ असेल
असं कधी मनातच आलं नाही.
माणसाला जसं आडनाव असतं तसं ते होते.

भरमाचा टोला थेट मसुराच्या वाफ्यात.
मी दांडू टेकवत निघाले, कंबरेत वाकून,
वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक्कू,
वकट, लेंड, मूंड, नाल, आर
"थांब थांब," ईरण्णा म्हणाला,
"पाचव्याला आर कसं? आमच्यात आरु म्हंजे सहा."
"मग पाच काय?"
"ऐदु."
"ते वेद असंल की. सहावं."
"म्हंजे पाच आन् सहा तुमी उलटं केलायसा!"
"नाल तरी बरोबर हाय न्हवं?"
"नाल्कु. ते बरोबर."
"आन् वकट?"
त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.
"वकट आमचं न्हवं. ते आणि पल्याडचं, तेलुगू.
लांबनं आलंय बिचारं."

चुलीपाशी मटण रटरटत होतं.
कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
पाट्या रंगवल्या गेल्या, खोडल्या गेल्या,
पुन्हा रंगवल्या गेल्या,
त्या सगळ्या वर्षांत या बांधावर
मी त्याच्या आकड्यांत मोजत होते,
दोन आकडे चुकीच्या जागी ठेवून.
ईरण्णाही खेळायचा की तेव्हा.
त्यानंही कधी टोकलं नव्हतं.

"मग गुण किती धरायचे?" भरमा चिडला,
हातात डाव, डावाला रस्सा.
मी म्हटलं, ते राहू दे.
चाळीस वर्षं हिशेब ठेवलाय,
आज एक टोला मला द्या.
आर आलीय. पाच असो की सहा.

विटी डोळ्यावर ठेवली.
ओल्या लाकडाचा वास,
एका डोळ्यात अंधार, दुसऱ्यात आख्खं आभाळ.
मान झटकली, दांडू फिरवला,
आणि लागला.
हे मी तीनदा सांगितलंय घरी: लागला.
विटी गेली टेंपोच्या ताडपत्रीवर.
तिथवर मोजायचं कसं यावर वाद होईतो
पानं मांडली गेली.

बासमतीचा वाफाळता भात,
सान्नां रश्शात बुडवून,
शेवटी ईरण्णाच्या बायकोनं दिलेला कुंदा.
तो "साकु, साकु" म्हणत राहिला,
शेवंता "बास गं" म्हणत राहिली.
वाढणाऱ्या भरमाला दोन्ही भाषा येतात.
त्यानं दोन्हींकडं दुर्लक्ष केलं.

रात्री दहाला दस्तगीरचा फोन.
भाडं घेऊन तो निपाणीला पोचला होता,
ताडपत्री सोडताना विटी खाली पडली म्हणे.
"मोज आता," म्हणाला.

मी म्हटलं, ईरण्णाला विचारून सांगते,
पाचव्याला काय म्हणायचं ते.