ना खारा, ना मतलई

सर्जेकोटच्या जेटीवर बांगड्याचा लिलाव चाललेला,
मी उकिडवी बसून टोपलीतला बर्फ सारखा करत होते.
तांडेलने आकडा फोडला, मी उठले,
आणि आवाज झाला.

तसा लहानच.
ओल्या प्लास्टिकखाली अडकलेली हवा निसटावी, एवढा.
पण नेमकं तेव्हाच ट्रॉलरचं इंजिन बंद केलेलं,
कावळेसुद्धा गप्प.
गुणवंती म्हणाली, "काळे वाटाणे खाल्लंस काय गो?"
सगळ्या हसल्या. मीही हसले.
हसताना पुन्हा झाला.

घरी सासूने ओवा भाजला, बेंबीवर हिंग लावला.
वाटाणे बंद, चवळी बंद, फणसाकडे बघणंही बंद.
आठ दिवस नुसती पेज.
पोट बिचारं
काही न करता शिक्षा भोगत राहिलं.

कारण त्याला वास नव्हता.
थोपवू म्हटलं तर थोपत नव्हता.
वाकले की काहीतरी आत शिरायचं,
सरळ झाले की बाहेर.
रात्री देवानंद जवळ आला, तेव्हाही झाला.
तो थांबला. विचारलं काही नाही.
कूस बदलून मोबाइलवर हवामान ऐकत पडला:
वारे ताशी पंचेचाळीस किलोमीटर,
मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये.

धाकटी पाच महिन्यांची.
साडेतीन किलोची आली, दोन तास जोर काढून, चार टाके घालून.
बाराव्याला तिला चांदीचे वाळे आले.
जिथून ती आली, तिथलं
कोणी विचारलं नाही.

डोस द्यायला उपकेंद्रात गेले.
आंगणे सिस्टरना आधी बाळाचं वजन विचारलं,
मग तापाचं औषध,
मग दारापर्यंत जाऊन परत आले.

"लाजतंस कित्याक? पोटातलो वारो न्हय तो."
पेन ठेवून त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली.
"खाली अशी स्नायूंची झोळी असता.
मूत्राशय, पिशवी, आतडां, सगळा तिच्यावर.
बाळ येताना ती ताणली, सैल पडली.
वाकलंस की हवा आत, उठलंस की भायर.
येवढाच."

येवढाच.
त्या येवढ्यासाठी मी नणंदेच्या डोहाळजेवणाला
ताप आल्याचं सांगितलं होतं.

"लघवी अडवतत तसा आवळ. पाच मोजीपर्यंत धर. सोड.
सोडूक पण शिकाचा असता.
श्वास कोंडू नको. दहा वेळा, दिवसातना तीनदा, तीन महिने तरी.
लघवी करताना मात्र करू नको.
टोपली दोघींनी उचला, उचलताना श्वास सोड."
मग आवाज उतरवून,
"आणि घाण वास इलो, त्या वाटेन शी इली,
नायतर अंग भायर येतासा वाटला,
तर ओव्याच्या नादाक लागू नको. थेट डॉक्टर."

आता लिलावाला उभी असते.
तांडेल ओरडतो, नऊशे,
मी आवळते.
साडेनऊशे, हजार, हजार पन्नास,
धरून आहे,
अकराशे.
दिले!
सोडते.
शंभर माणसांत उभी राहून करते, कोणाला पत्ता नाही.
गेला म्हणणार नाही. कमी झालाय.
देवानंदला सांगितलं तर म्हणाला, "माका वाटला, तुका दुखता."
एवढंच बोलायला त्याला दोन महिने लागले,
मला पाच.

काल मात्र एक दिसलं.
गुणवंती उठायच्या आधी
तराजूचं पारडं दाणकन आपटते.
दरवेळी. आपटते, आणि मग उठते.
इतकी वर्षं मला वाटायचं, तापट आहे.

तिचा धाकटा अकरा वर्षांचा.
मी तिच्या टोपलीचा दुसरा कान धरला.
"श्वास सोड," म्हटलं, "मग उचल."
ती माझ्याकडे बघत राहिली.
पारडं तिच्या हातातच होतं.